शिशाच्या शिपायांची किंमत

मंडळी, लिहायला उशीर झाला, माफ करा. रोज डाकेकडेच डोळे लागलेले असतात.

मुलगा सदा लढाईवर गेल्यापासून त्याचा टेबलावरचा लढाईचा खेळ मीच मांडतो. आज कॅम्पात साहेबाच्या सामानाच्या लिलावात शिशाचे आणखी चार शिपाई घेतले. किंमत ऐकून आमची ही म्हणाली, "अवं, एवढ्यात लुगडं आलं असतं की."

तरी दुपारी खेळायला बसली. मी कवड्या टाकल्या, तिचा एक शिपाई पडला. पडलेला उचलून बाजूला ठेवायचा, असा नियम. तिनं माझा हात धरला.

"दमला असंल त्यो. ऱ्हाऊ दे तितंच."

आणि त्याला पुन्हा उभं केलं.

पैसे वाया गेले का, तुम्हीच सांगा. पण आधी, ब्रह्मदेशातून कुणाला पत्र आलं असेल, तर सदाची खबर लवकर कळवा.