पेर्नेलची पोर

पेर्नेलचा नवरा परांचीवरून पडून मेला तेव्हा ती पोटुशी होती. फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या त्या टेकडीवर मठाचं नवं चर्च उठत होतं. नवऱ्याच्या जागी तीच चुन्याची घमेली वाहायला लागली. पुढं मुलगी झाली, जेमतेम रडली आणि पाद्री बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन पोचायच्या आत गेली. बाप्तिस्मा नाही म्हणून कबरस्तानात जागा नाही. पेर्नेलनं तिला कुंपणाबाहेर, चरापाशी पुरलं आणि छातीतलं दूध आटायच्या आत पुन्हा घमेलं उचललं.

त्या हिवाळ्यात गोतिए पाथरवट एका खांबाचा माथा कोरत होता. जगाच्या शेवटच्या दिवसाचा देखावा होता. देवदूत कर्णा फुंकतोय आणि मेलेली माणसं थडग्यांची झाकणं ढकलून उठतायत. पेर्नेल येता-जाता तिथं रेंगाळायची.

"गोतिएदादा, यात लहान मूल का नाही रे?"

"सांगितलंय तेवढंच कोरतो मी."

"एक कोर ना. माझं."

"वेड लागलंय का तुला? मठाधिपती माझी सालटी काढतील."

"मागं कोर, भिंतीकडं. तिकडं कोण मरायला बघतंय?"

गोतिए नुसताच पुटपुटला. पण माथा पुरा झाला तेव्हा मागच्या बाजूला एका झाकणाखालून मुठीएवढं डोकं बाहेर आलं होतं. पेर्नेलनं चुन्यानं फाटलेलं बोट त्यावरून फिरवलं.

"नाक बापावर गेलंय," ती म्हणाली.

माथा वर चढवायच्या सकाळी मठाधिपती आले आणि त्याच्याभोवती फिरून मागं थबकले.

"हे मूल कुणाचं?"

सगळ्यांच्या नजरा पेर्नेलकडं गेल्या, आणि मठाधिपतींना कळायचं ते कळलं.

"जिचा बाप्तिस्मा नाही तिला चर्चमध्ये बसवता? काढा ते. आत्ता, माझ्यासमोर."

गोतिएनं छिन्नी टेकवली, पण हात चालेना. "दुसऱ्या कुणाला सांगा," तो म्हणाला.

"दुसरं कुणी नको," पेर्नेल म्हणाली. "तूच कर, दादा. हळू कर."

त्यानं हळूच केलं.

दुपारी माथा खांबावर चढला. त्याच्या बैठकीचा चुना पेर्नेलनंच वाहिला. पुढं चुन्यानं डोळे जाईपर्यंत ती तिथंच राबली, पण प्रार्थनेला कधी दाराच्या आत आली नाही.

शेवटच्या आजारात ती पाद्र्याला म्हणाली, "मला चरापाशी पुरा, बाबा."

नवा पाद्री मायाळू होता. त्याचे डोळे भरून आले. पण बाप्तिस्मा झालेल्या बाईला कुंपणाबाहेर टाकणं त्याला पाप वाटलं. त्यानं तिला आत, चर्चच्या भिंतीलगत, चांगली जागा दिली.