कुणाच्या घरचं मशीन

मला नीट लिहिता येत नाय, शाळा सातवीपर्यंतच झाली. पण सांगायचं मनात लय दिवस होतं म्हणून सांगते. कोरोनाच्या टायमाला मी देवीवर रुसले होते. गडावरचं देऊळ बंद, सगळीच देवळं बंद, माझ्या घरात सप्तशृंगीचा एक फोटो भिंतीला, त्याच्यापुढं उभी राहून मी म्हणायचे, आई, तू पण दार लावून बसली, आता मी हाक मारू तरी कुणाला. दिवा लावताना काडी दोनदा विझायची आणि मला वाटायचं हा वाईटच इशारा हाय.

आमचे हे भाजी मार्केटात टेम्पो चालवायचे. कोरोना उतरत आला होता, लोकं म्हणत होती आता संपलं, दुकानं उघडली, आमच्या नाशकात द्वारकेच्या चौकात पुन्हा गाड्यांची गर्दी व्हायला लागली, आणि तेव्हाच ह्यांना झाला. दवाखान्यातून घरी सोडलं. डॉक्टर म्हणले जीव वाचला हाय पण फुप्फुसं कच्ची हायेत, घरी ऑक्सिजन लावावाच लागेल. ह्यांच्या मित्रांनी एक बारका सिलेंडर आणून दिला. त्या सिलेंडरवर आत किती ऑक्सिजन उरला ते दाखवणारा एक काटा असतो. मी स्वयंपाक करताना, लेकीला पाजताना, झोपेत सुद्धा त्या काट्याकडंच बघायचे. काटा खाली आला की वाटायचं, जसं काय माझाच श्वास संपत चालला. ह्यांना बोलता येत नव्हतं, नुसते डोळ्यांनी विचारायचे, किती राहिला. मी म्हणायचे, लय हाय, झोपा तुम्ही.

आमच्या भागाचे आमदार दर शनिवारी समाजमंदिरात बसतात. ज्याचं जे अडलं ते तिथं घेऊन जायचं. त्या दिवसांत त्यांच्याकडं हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीनं होती, लायटीवर चालणारी. ज्याला लागेल त्यानं न्यायचं, काम झालं की शनिवारी परत आणून द्यायचं, मग ते दुसऱ्याच्या घरी. शेजारणीनं सांगितलं तसं मला वाटलं आता सुटले. पण सासूबाई दारातच आडव्या आल्या.

"मेलेल्याच्या घरचं आणू नको. आधी विचार, मगच हात लाव. मागच्या गल्लीत तसलंच आणलं होतं, काय झालं ठाऊक हाय ना?"

ठाऊक होतं. आणलं त्याच आठवड्यात तिथला माणूस गेला होता. मशीनमुळं नसंल गेला, पण त्या वेळी असं कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार. माझ्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं.

शनिवारी सकाळी काटा पार खाली आलेला. नवीन सिलेंडर कुठंच भेटला नाय. सासूबाईंना ह्यांच्याजवळ बसवलं, लेकीला कडेवर घेतलं आणि पळत सुटले. समाजमंदिरात ही गर्दी. कुणाचा कमावता माणूस गेलेला, कुणाचं काम सुटलेलं, कुणाला रेशन नाय. एक बाई मला म्हणाली, "लेकरू घेऊन कशाला आली गं गर्दीत, अक्कल हाय का?" मी लेकीला पदराखाली घेतलं आणि रांगेत उभी राहिले. आमदार साहेब अजून आले नव्हते. ते कधीच उशीर करत नाय म्हणे, त्याच दिवशी झाला. माझ्या डोळ्यापुढं नुसता तो काटा.

साहेब आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. माझ्या पुढं एक म्हातारे बाबा होते, ते म्हणले, "साहेब, माझी पेन्शन मी मेल्यावर चालू करणार का?" साहेब म्हणले, "बाबा, तुम्ही मला पोचवून मग जाल, बसा." सगळे हसले. मला हसू आलं नाय, राग आला, हसतात कशी ही लोकं.

माझा नंबर आला. मला धड सांगता पण येईना, श्वासच पुरेना. साहेबांनी लेकीकडं बघितलं, म्हणले, "ताई, पाणी प्या, सावकाश सांगा." मी सांगितलं. त्यांनी शेजारी बसलेल्या, कामकाज बघणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणला, एक होतं ते सकाळीच गेलं साहेब, आता एक पण नाय. साहेबांनी लगेच दोन-तीन फोन लावले, पण कुठनंच होकार येईना. मी तिथंच खाली फरशीवर बसले. आणि मी मनातल्या मनात देवीला म्हणले, आई, मला आता काही सुचत नाय. नवस पण सुचत नाय. तुला करायचं ते कर. एवढंच. त्याच्या आधी मी रोज तिच्याशी भांडत होते, हे दे ते दे, खूण दाखव. त्या वेळी भांडायचं बळच उरलं नव्हतं.

दारात रिक्षा थांबली. काळा बुरखा घातलेली एक म्हातारी बाई उतरली, तिच्याबरोबर चादरीत गुंडाळलेलं मशीन. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"खाला, तुम्ही कशाला आलात? मी माणूस पाठवला असता."

"माणूस कधी येणार? आज शनिवार आहे ना, कुणी तरी वाट बघत असेल."

त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात. साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. मी उठले, मशीनला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला. सासूबाईंचा आवाज कानात. सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडून निघून गेलं, "खाला, मशीन कुणाला लावलं होतं? ते बरे झाले ना?"

तो कामकाजवाला माणूस काही तरी बोलायला गेला तर साहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. खालांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या लेकीकडं.

"माझ्या मुलाला लावलं होतं. बरा आहे बेटी. घरी आहे. सकाळी चहा-पाव खाल्ला त्यानं."

माझ्या अंगावरनं जसं काय ओझंच उतरलं. मी म्हणले, मला हे चालवता येत नाय. त्या म्हणाल्या, "मी येते ना." त्याच रिक्षात आम्ही बसलो, मधे मशीन, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलेलं.

घरी ह्यांचे ओठ निळसर झाले होते. सासूबाईंनी पहिलं तेच विचारलं, कुणाच्या घरचं? मी म्हणले, बऱ्या झालेल्याच्या घरचं. खालांनी मान खाली घालून उकळून गार केलेलं पाणी मागितलं, मशीनच्या बाटलीत भरलं, नळी जोडली, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. ह्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता, त्याच्यावरचा आकडा हालेना. मी फोटोकडं बघायची पण हिंमत केली नाय. मग आकडा एकानं वाढला. परत थांबला. परत वाढला. खाला पलंगाच्या पायथ्याशी बसून त्यांचं काही तरी पुटपुटत होत्या, सासूबाई त्यांच्या बाजूला हात जोडून. ओठांचा रंग बदलला तेव्हा सासूबाईंनी चहा टाकला. खाला म्हणाल्या, आज नको, आणि उठून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "लाइट गेली तर घाबरायचं नाही, सिलेंडर मिळाला की जवळ ठेव, तोच लावायचा." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला वरच्या वर धरलं. त्यांचे हात लय गार होते.

हे सावरले. हळूहळू, पण सावरले. भिंत धरून चालायला लागले, मग न धरता. एका शनिवारी मी मशीन पुसून परत नेलं. साहेबांना म्हणले, त्या खालांचा पत्ता द्या, त्यांच्या मुलासाठी पेढे आणलेत. साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला.

"ताई, त्यांचा इरफान गेला. तुम्ही आलात त्याच्या दोन दिवस आधीच. मी त्या सकाळी त्यांच्याच घरी बसायला गेलो होतो, म्हणून उशीर झाला. मी त्यांना म्हणलो होतो, मशीन पुढच्या शनिवारी द्या. ऐकलं नाही त्यांनी."

मी खरं ऐकलं असतं तर मशीन नेलंच नसतं. भीतीनं मी तिथंच नको म्हणले असते आणि रिकाम्या हातानं घरी आले असते. पुढचं मला आजही डोळ्यापुढं आणवत नाय. ज्या बाईच्या घरात दोन दिवसांपूर्वी पोरगं गेलं, तिला मी भर लोकांत विचारलं होतं, बरा झाला ना. आणि तिनं माझ्यासाठी त्याला चहा-पाव खाऊ घातला.

ह्यांना घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मी रडायलाच लागले. खाला म्हणाल्या, "खोटं बोलले मी, अल्ला माफ करेल. तू किती घाबरली होतीस बेटी." मग ह्यांना म्हणाल्या, "जोरात श्वास घे बरं." ह्यांनी घेतला. त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. "अजून एक घे," म्हणाल्या. हे घेत राहिले. त्या दिवशी त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला.

देऊळ उघडल्यावर मी गडावर जाऊन आले. भीती माझी अजून गेली नाय, लेकीला साधा ताप आला तरी रात्रभर जागी असते. पण देवीकडं खूण मागत नाय आता. आपल्याला काय खरं, काय चांगलं ते कळतंच असं नाय, तिच्यावर सोडून द्यावं. ती कुणाच्या रूपानं येईल, कुठल्या घरातून येईल, आणि येताना तिचं स्वतःचं काय हरवलेलं असेल, ते पण आपल्याला कळत नाय. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा घरातल्यांची नावं घेते, आणि शेवटी इरफानचं. त्याचं तोंड मी कधी बघितलं नाय.