आप्पांच्या इंजिनाचं वाइंडिंग

हे आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला माझ्या चोरून ओढलेल्या विड्या माहीत आहेत, मॅट्रिकला दोनदा आपटलो तेही माहीत आहे — पण हे नाही. तुम्ही म्हणाल, असं केलंस तरी काय? खून? दरोडा? नाही हो. खेळण्यातल्या रेल्वेचं एक इंजिन दुरुस्त केलं. म्हणजे... केलं असं लोक म्हणतात. तिथंच तर सगळी गोम आहे.

सत्तर सालानंतरचे ते दिवस. सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि रेडिओ उघडायच्या आधीच त्याचा रोग सांगणारा माणूस अशी माझी ख्याती होती. ख्याती कशी झाली? बहुतेक वेळा कंडेन्सरच गेलेला असतो, म्हणून मी दर वेळी कंडेन्सरच म्हणायचो. चुकलो तर गुपचूप दुसरा भाग बदलायचो. गिऱ्हाईक गाणी ऐकून खूश आणि मी माझ्यावर खूश. हा स्वभाव आधीच सांगितलेला बरा, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला धक्का बसायचा नाही.

आमच्या पेठेत आप्पा चौगुले म्हणून हळदीचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या जर्मनीतल्या जावयानं नातवासाठी विजेवर पळणारी छोटी रेल्वे पाठवली — रूळ, चार डबे, वीतभर इंजिन आणि वेग कमीजास्त करायचा एक खोका. नातवासाठी हे आपलं म्हणायला. नातू हात मागं बांधून लांबून बघायचा आणि आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात पालथे पडून गाडी चालवायचे. एके दिवशी खोक्यातला रेक्टिफायर उडाला. घरातली उलटसुलट वाहणारी वीज मोटरसाठी एकाच दिशेची करून देणारा भाग तो. तोच गेल्यावर इंजिन जागच्या जागी गुरगुरायला लागलं. आप्पांनी काय करावं? बटण पार शेवटपर्यंत पिळलं. इंजिनातून धूर निघाला आणि जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या — खऱ्या गाडीसारखा धूर सोडतंय म्हणून. आत मोटर जळतेय हे कुणाच्या गावीही नव्हतं.

खोका मी दुरुस्त केला. रेक्टिफायरचे चार डायोड नवे घातले, बल्ब लावून तपासला — हे काम माझं, त्यात खोट नाही. पण इंजिनातली मोटर सुपारीएवढी आणि तिच्यावरची तार केसाएवढी. ती नव्यानं गुंडाळणार, म्हणजे वाइंडिंग करणार कोण? असा माणूस सांगलीत एकच होता, माझ्या दुकानासमोरचा दादू मिस्त्री. मूळचा वाईकडचा, फौजेच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं घालवून आलेला, एरवी उसाच्या मळ्यांतल्या पंपांच्या मोटरी करणारा. मी ती सुपारी पुढं ठेवली तेव्हा मिस्त्रींनी ती बराच वेळ तळहातावर फिरवली. "वसंता, हे तर मुंगीला झबलं शिवायचं काम हाय गड्या," म्हणाले आणि ठेवून घेतली. घट बसले त्या दिवशी सुरुवात केली आणि आठव्या माळेला मोटर कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली. तेवढे दिवस त्यांनी चहा सोडला होता, हात थरथरू नये म्हणून.

मोटर बसवली की बॅटरी लावून एकदा फिरवून बघायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण आप्पांचा निरोप होता, पहिलं चाक दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्याच सोप्यात फिरलं पाहिजे. मग मी नियम बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मीटर, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न अशी सगळी हत्यारं पाटावर मांडली आणि मधोमध इंजिन. आता गाडी म्हटली की पूजा चाकांची, मग ती एसटी असो नाहीतर ट्रॅक्टर. म्हणून मी खोबरेल तेलात आप्पांचीच हळद आणि कुंकू कालवलं आणि सहाही चाकांना बोटानं भरपूर लावलं. नंतर वरवर पुसून घेतलं. माझी भक्ती तरी खरी होती, एवढं समजा.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर अर्धी पेठ आप्पांच्या सोप्यात. मिस्त्री नवा पटका बांधून दाराशी उभे. आप्पांनी नारळ फोडला, बटण फिरवलं — आणि काही नाही. गुरगुर नाही की धूर नाही. पुन्हा फिरवलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आणि मी, कशालाही हात न लावता, नेहमीच्या ऐटीत म्हणालो, "वाइंडिंग."

का म्हणालो? ठाऊक नव्हतं म्हणून. खोका माझा, जोडणी माझी. दुसऱ्याचं म्हणावं असं त्यात वाइंडिंग तेवढं होतं. मिस्त्री भांडले असते तर बरं झालं असतं हो. त्यांनी पटका काढून काखेत धरला आणि म्हणाले, "आप्पा, माजीच चूक आसंल. डोळं ऱ्हायलं न्हाईत आता." आणि ते सोनं न घेताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरला थेट बॅटरी लावली. भुंग्यासारखी फिरली. मग इंजिन उलटं केलं. ही इंजिनं रुळातून वीज घेतात — रुळातून चाकांत आणि चाकांमागच्या दोन पितळी पट्ट्यांतून मोटरपर्यंत. माझ्या चाकांवर आणि पट्ट्यांवर तेल, हळद आणि कुंकू यांचा थर चिकटून बसला होता. त्यातून वीज कुठून जाणार? स्पिरिटचा बोळा घेतला, पुसलं, पाच मिनिटांत काम झालं. समोर मिस्त्री दुकानाच्या पायरीवर नुसते बसलेले दिसत होते. रस्ता ओलांडायला किती लागतं? वीस पावलं. मी दार लोटून घेतलं.

मग वाइंडिंग मीच नव्यानं करतोय असं पेठेत सांगितलं आणि इंजिन दिवाळीपर्यंत कपाटात. वाइंडिंग करायचं म्हणजे वेळ लागतो ना! दिवाळीत आप्पांच्या सोप्यात गाडी गरागरा पळाली. आप्पांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि मी तो घालून घरी आलो — बाजारातून, लांबच्या रस्त्यानं.

इथवर सगळं नेहमीचंच माझं. पण त्यानंतर मिस्त्री आले. कशाला? शिकायला. साठीला आलेला माणूस, माझ्या स्टुलाच्या कडेवर बसून म्हणतो, "कसं केलंस ते दाव की रं मला." आता दाखवू काय? आप्पांकडून इंजिन आणलं, उघडलं आणि त्यांचंच वाइंडिंग त्यांच्यापुढं धरलं. भिंग लावून ते कितीतरी वेळ बघत राहिले. ओळखणार, आता ओळखणार... पण आपलं फसलं हे त्यांनी मनाशी धरलंच होतं; चांगलं दिसतंय ते दुसऱ्याचंच असणार. "ह्येला म्हनायचं हात," ते म्हणाले. "एक येढा वर न्हाई, एक खाली न्हाई. मला आसलं जमलं नसतं बग." मी मान खाली घातली, विनयानं घालतात तशी. आणि म्हणालो — हे सांगतानाही कान तापतात — म्हणालो, "सरावानं जमतं, मिस्त्री."

संक्रांतीच्या आत त्यांनी दुकान बंद केलं. वाइंडिंगचं यंत्र मला भेट दिलं आणि गावाला निघून गेले. मग पेठेतल्या जळक्या मोटरी माझ्याकडं यायला लागल्या. मला तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या पोत्यात घालून मी कोल्हापूरला पाठवायचो आणि दुकानात यंत्राचं चाक रिकामंच फिरवत बसायचो, रस्त्यावर आवाज जावा म्हणून. तुम्हाला हसू येतंय ना? हसा, मलाही येतं कधीकधी.

दोन वर्षांनी ठरवलं, सांगून टाकायचं. साताऱ्यात गाडी बदलून वाईला गेलो, तिथून चालत त्यांच्या गावी. वाटेत वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. मिस्त्रींनी मला दारातच मिठी मारली आणि चार माणसं गोळा केली. "ह्योच त्यो वसंता," ते सगळ्यांना सांगत सुटले. पुरणपोळीचा बेत केला. मी तीन पोळ्या खाल्ल्या, आणि पाठ केलेलं वाक्य तिसऱ्या पोळीबरोबर गिळलं. निघताना त्यांनी कोपऱ्यातलं एक पोतं ओढलं. शेजाऱ्याच्या पंपाची मोटर जळली होती. विहिरीत पाणी असून त्याचा भाजीचा मळा वाळत होता, आणि तो आठ दिवस मिस्त्रींच्या मागं लागला होता, तुम्हीच करा म्हणून. "म्या हात लावत न्हाई आता," मिस्त्री म्हणाले. "लोकाचं नुस्कान व्हायाचं. तूच कर बाबा, तुझ्यावर इस्वास हाय."

तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? पोतं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत आणलं, एसटीच्या टपावर चढवलं आणि गाडी हलेपर्यंत उन्हात उभे राहिले. मी खिडकीतून हात केला. साताऱ्याला उतरलो आणि ती मोटर एका वाइंडिंगवाल्याच्या दुकानात टाकली.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा तारेला हात लावला नाही, असं त्यांचा मुलगा सांगत होता — मला, अगदी आदरानं. आप्पांच्या घरी ते इंजिन अजून पळतं. त्यातलं वाइंडिंग मिस्त्रींचं आहे. मी फक्त चाकं पुसली, तीही मीच माखलेली.