एकाहत्तरीची नवरी

"माया जास्त ठेव वं. मी अजून भरणार आहो."

मापाला उभ्या राहिल्या की सिस्टर दोन्ही हात पसरून हे सांगायच्याच. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे कपडा घट्ट झाला तर उसवून ढिला करता येतो. त्यांच्या वयाच्या इतर बाया मला उलटं सांगतात, "घट्टच शीव, आता आम्ही आटतच चाललो." सिस्टर मात्र सत्तरीतही भरणार होत्या.

कुडवा गावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. सिस्टर तीन घरं सोडून राहायच्या. सारी नोकरी त्यांनी देवरीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. जंगलातल्या गावांत पायी जाऊन बाळंतपणं केली. नवरा तरुणपणीच गेला. एकुलती मुलगी रायपूरला नोकरीला. दारात आल्या की त्या "जय मसीह की" म्हणत, मी "जय भीम" म्हणे, आणि मग आम्ही दोघी चहा घेत असू.

तुमच्याही गल्लीत म्हाताऱ्या माणसांची बैठक असेल. आमच्याकडे ती संध्याकाळी हापशाजवळ भरते. कोणाचे गुडघे, कोणाची शुगर. सिस्टर सगळं ऐकून घ्यायच्या, गोळ्यांची पाकिटं तपासायच्या, आणि उठताना म्हणायच्या, "सकाळी उठवलं न त्यानं? मंग काही काम असनच."

अडुसष्टाव्या वर्षी त्या स्कूटी शिकल्या. तिसऱ्याच दिवशी स्कूटीसकट धानाच्या बांधीत गेल्या. आम्ही धावत गेलो, तर बाई चिखलात बसून हसत होत्या. "काऊन घाबरून राहिल्या वं? नर्सच पडली न, पट्टी बांधता येते मले." कोपर सुजलं होतं. पण पुढच्या रविवारी चर्चला त्या स्कूटीवरच गेल्या.

मग एका दुपारी त्यांनी माझ्या मशीनवर पांढरी रेशमी साडी ठेवली.

"कोणाचं लग्न?" मी विचारलं.

"माझं."

माझा पाय पायडलवरच थांबला. नवरदेव त्यांच्याच चर्चमधले, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कानाने अधू. उपासनेनंतर आवारात त्यांनी सिस्टरला लग्नाचं विचारलं. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटलं, पण आतला पास्टरसुद्धा बाहेर आला. "अन् मले तीन डाव हो म्हणावं लागलं," सिस्टर सांगत होत्या. "तिसऱ्या डावाले साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या."

मी हसले, पण मनात आलं ते बोललेच. "सिस्टर, रागवू नका. पण किती दिवसांचा संसार हा?"

त्या रागावल्या नाहीत. साडीची घडी सारखी करत म्हणाल्या, "देवरीले मी एकच दिवस जगलेली लेकरंही हातात घेतली. कोणाले विचारलं नाही, तू किती दिवस राहशील म्हणून. आलं, तर छातीशी धरलं."

मी टेप उचलून ब्लाऊजचं माप घेतलं.

मुलीला मात्र हे पटलं नाही. तिने पंधरा दिवस फोन उचलला नाही. सिस्टर रोज लावायच्या, वाजून बंद झाला की डोळे मिटून दोन मिनिटं बसायच्या आणि कामाला लागायच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी आली ती थेट माझ्या दुकानात. सिस्टर ब्लाऊज घालून आरशापुढे उभ्या होत्या.

"आई, या वयात कायले? लोक हसून राहिले."

"हसू दे न. मीही हसूनच राहिली."

"मी तुझं करत नाही का?"

"करतेस वं माय. पण सकाळी चहा मांडताना मले दुसऱ्या कपाचा आवाज पाहिजे."

मुलीची नजर साडीकडे गेली. "फॉल लागला नाही अजून?"

"राहिलाय," मी म्हटलं.

"सुई द्या."

ती जमिनीवर बसली आणि टाके घालू लागली. टाके वाकडे येत होते. मी सरळ करायला गेले, तर सिस्टरनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

तोच वाकड्या टाक्यांचा फॉल लावलेली साडी नेसून त्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या. मी पहिल्यांदाच आत गेले होते. नवरदेवाने प्रत्येक प्रश्नाला एवढ्या जोरात होकार दिला की खिडकीवरची कबुतरं उडाली.

त्यांना चार वर्षं मिळाली. एसटीने इटियाडोहला जाऊन धरणावर मुरमुरे खाऊन यायचे दोघं. घरी भांडायचेही, आणि गार्डसाहेबांना ऐकू यावं म्हणून सिस्टर ओरडायच्या, त्यामुळे भांडण आम्हा सगळ्यांचंच व्हायचं. त्या खरोखर भरल्या. दोनदा मी ब्लाऊज उसवून ढिले केले.

मागच्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. मी पेज घेऊन गेले तेव्हा धीर करून विचारलं, "सिस्टर, भीती वाटते का?"

"थोडी वाटते. पहिलटकरीण घाबरते न, तशी." त्यांनी माझा हात धरला. "मी सांगत होती त्यायले, घाबरू नको, मी आहो. आता मले कोणीतरी तेच सांगून राहिलं."

आठवड्याने त्या गेल्या. ज्वारीच्या दाण्यासारखा पांढरा, शांत चेहरा होता.

ईस्टरच्या पहाटे मुलीने मला कब्रस्तानात बोलावलं. मी फिकी साडी नेसून, रडायच्या तयारीनेच गेले. तिथे तर सगळे नव्या कपड्यांत. कबरींवर झेंडू आणि मेणबत्त्या, लेकरांच्या हातात केक. सिस्टरच्या कबरीची माती अजून भुसभुशीत होती. गार्डसाहेबांनी ती हाताने सारखी केली आणि माझ्याकडे वळले. "आज रोना नहीं बेटी. आज के दिन मसीह जी उठे थे. बड़ी खुशी का दिन है."

कोणीतरी ढोलक धरला. पलीकडे उन्हाळी धानावर ऊन चढत होतं. सगळे गाऊ लागले, मुलगीही. गाण्याचे शब्द मला येत नव्हते. मी पदराने डोळे पुसले आणि टाळ्यांचा ठेका धरला.