डाव्या अंगठ्याचे ठिपके

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टींना हसणारा माणूस मी. आमच्या भिंगारमध्ये कुणी असलं काही सांगाय लागलं की त्याचाच आवाज काढून पुढचं मीच सांगायचो... नकला करणं हा आपला जुना रोग. पोटापाण्याचं काम मात्र डिलिव्हरीचं, नगर शहरात.

आसिफ माझा जोडीदार. अ‍ॅपवर ऑर्डर आली की ती घ्यायचं बटन वर, उजव्या कोपऱ्यात. गाडीवर मोबाईल हँडलला, उजवा हात रेसवर असतो – मग डावा अंगठा पार तिकडं ताणायचा. ऑर्डर सुटली की रेटिंग पडतं. आसिफ बोंबलायचा, "अंगठा हाय का रबर? खाली डावीकडं द्या की बटन!" केडगावजवळ असाच अंगठा ताणताना टेम्पोखाली आला, जागीच गेला. कंपनी म्हणाली, चालत्या गाडीवर मोबाईल वापरला, चूक त्याची.

पुढं पुण्याहून एक मॅडम आल्या, अ‍ॅप वापरायला सोपं हाय का ते तपासायला. सावेडीतल्या एका हॉलमध्ये, भर दुपारी. आसिफचा धाकटा भाऊ इम्रान ह्याच कामाला लागणार होता, म्हणून मी गेलो. म्हणलं, निदान बटन तरी हलवून घेऊ.

मोबाईल टेबलावर स्टँडला, वर कॅमेरा. मॅडम म्हणाल्या, "वापरताना मनात येईल ते मोठ्यानं बोला हं."

"मनात दुसराच बोलतोय, चालंल?" म्हणलं, आन् काढला आसिफचा आवाज – "अंगठा हाय का रबर, मॅडम?"

मॅडम लई हसल्या.

मग व्हिडिओ लावला. बोट टेकलं तिथं पांढरा ठिपका उमटतो. माझे ठिपके वर, उजवीकडं. पण दर ऑर्डरला त्याच्या आधी एक ठिपका खाली डावीकडं... जिथं काहीच न्हाई तिथं.

"इथं का दाबत होतात?"

"मी न्हाई दाबलं. बघा ना, उजवं बोट वरच हाय, डाव्या हातात चहाचा कप."

व्हिडिओत कप दिसतच होता. मॅडम म्हणाल्या, टच खराब असेल. दुसरा मोबाईल लावला. ह्या वेळी मी आसिफचा आवाज काढला न्हाई. ठिपके आलेच.

मॅडमनी माझ्यासमोरच टाईप केलं – रायडर रिकाम्या जागी दाबतात, ट्रेनिंग द्यावं.

ते ठिपके कुणाचे, मला आजपण सांगता येत न्हाई. मोबाईल रिपेरिंगवाल्यालाही विचारून झालं.

परवा नवीन अपडेट आलं. बटनाचा रंग बदललाय, जागा तीच. इम्रान आता कामावर हाय. खूश होऊन दाखवत होता, "भाई, बघ ना, बटन कसलं चमकतंय!"

"व्हय," म्हणलं.