लाइन असेपर्यंतचा साहेब

देवरीजवळच्या आमच्या दवाखान्यात मी शिपाई होतो, तेव्हा बॅटरीवाला एक साहेब आला होता. बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं तो इन्व्हर्टरच्या कपाटावर थोपटायचा. "लाइन जाऊ द्या, लशींचा फ्रिज चालूच राहील," हे त्याने सतरांदा सांगितलं. तेवढ्यात लाइन गेली आणि कपाटही गप्प झालं.

साहेब म्हणाला, "लाइन गेली की सेफ्टीसाठी हा आपोआप बंद होतो."

"मंग लाइन असल्यावर हा कायले पायजे, साहेब?" नर्सबाईंनी विचारलं.

साहेबाने हात खिशात घातला आणि बोलणंच सोडलं. बाई लशी बर्फाच्या डब्यात भरून स्कूटीवरून देवरीला निघाल्या.

तासाभराने लाइन आली. आधी कपाट सुरू झालं, मग साहेब.