जपानमामा आणि तीन बाटल्या

जपानमामांनी माझं नाव कधी घेतलं नाही. त्यांच्या लेखी मी कायम ‘पुण्याचा तो’. खरं सांगायचं तर मलाही तो माणूस डोळ्यांसमोर नको असे. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या घरात त्यांनी आईवेगळ्या भाचीला, सुधाला, लहानाचं मोठं केलं आणि तिने न विचारता माझ्याशी लग्न केलं म्हणून तिचं येणंजाणं तोडलं. तिकडे गौरीच्या सणाला माहेरून लेकीकडे बागिना जातो. हळदकुंकू, बांगड्या, धान्य घातलेलं सूप. सुधाला दोन वर्षं तो आला नाही. त्या दिवशी ती जेवत नसे.

तरुणपणी कारखान्याने मामांना जपानला पाठवलं होतं. यंत्रांपेक्षा साकेची, म्हणजे तिथल्या तांदळाच्या दारूची, पारखच ते जास्त शिकून आले. म्हटलं, बाटलीने तरी विरघळतील. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिली बाटली बेंगळूरूहून आणली. "तीन वर्षं जुनी आहे," मी ऐटीत म्हणालो.

"ही काय व्हिस्की हाय? साके ताजी प्यायची. तारीख बघाया डोळे न्हाईत तुला?" बाटली माझ्या हातात परत आली.

दुसरी पारदर्शक काचेची होती, आत सोन्याचा वर्ख तरंगणारी. पाहुण्यांना दिसावी म्हणून महिनाभर ती आमच्या खिडकीसमोरच्या शोकेसमध्ये मिरवली. मामांनी नुसता वास घेतला आणि सगळी मोरीत ओतली.

"उन्हात ठिवलास न्हवं, अल्वा? मेली ही. सुम्ने, उगाच सोनं बघून घेतलास."

जिना उतरताना मी त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली.

तिसऱ्या वेळी सुधा दुकानात बरोबर आली. चकचकीत बाटल्यांकडे तिने पाहिलंही नाही. फ्रिजमधल्या काढायला लावल्या, मागची चिठ्ठी वाचली. तांदूळ, पाणी आणि आंबवायची बुरशी, वरून काही घातलेलं नाही. भरून चारच महिने झालेले. तिने लहानशी तपकिरी बाटली उचलली. "नवख्यानं लहान घ्यावी. उघडली की आठवड्यात संपवायची," ती पाढा म्हणावा तसं म्हणाली.

बर्फाच्या डब्यातून मी ती मामांपुढे ठेवली. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"कुणी निवडली?"

श्रेय घ्यायचा मोह झाला. पण म्हणालो, "सुधाने."

मामांनी पेला खाली ठेवला. "मी मित्रांना हे सांगायचो तवा ही कोपऱ्यात अभ्यास करत असायची," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "जा तू."

गौरीच्या दिवशी मामा स्वतः सूप घेऊन आमच्या दारात उभे.

"आत या, मामा," सुधा म्हणाली.

"बेडा. ह्याच्या घरचं पाणी मी पिणार न्हाई."

सूप तिच्या हातात दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि वळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुधा मात्र सूप पोटाशी धरून तिथेच उंबऱ्यावर बसली आणि कितीतरी वेळ रडत होती.

दिवाळीआधीच मामा गेले. माझ्याशी ते शेवटपर्यंत धड बोलले नाहीत आणि त्याचा मला अजून राग आहे. पण त्यांना खांदा द्यायला मी पुढे झालो, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.